चौदा कॉम्प्युटर आणि शून्य तक्रारी

एका जंगलात, मुलांनो, आम्ही काही प्राण्यांनी मिळून एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवली होती. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटरला जागं करणारी गोष्ट. ती सगळ्यांना फुकट होती. काम करणाऱ्यांना पगार नव्हता, त्यामुळे राजीनामाही देता येत नव्हता.

जंगलात यंत्रं शंभर तऱ्हेची आणि आम्ही प्राणी पाच. कुठलं यंत्र आधी चालतं करायचं, याची यादी माझ्याकडे होती. मी साळिंदर. लिहायला मला काटा कधी कमी पडत नाही.

नियम मीच केला होता. ज्या यंत्राच्या तक्रारी जास्त, त्याचा नंबर वर. तक्रारीचा फॉर्म आमच्या सिस्टिमच्या आतच ठेवला होता. उगाच बाहेरच्यांची गर्दी नको.

एके दिवशी शाळेतल्या कासवबाई पाठीवर कॉम्प्युटर बांधून आल्या. यायला त्यांना नऊ दिवस लागले.

"शाळेला असे चौदा मिळालेत," त्या म्हणाल्या. "तुमची सिस्टिम घातली की पडदा काळा. पौर्णिमेला हत्तीसाहेब तपासणीला येतील. बंद दिसले तर भंगारात देतील. पोरांनी अजून एक अक्षर टाइप केलेलं नाही हो."

मी वही उघडली. "बाई, या यंत्राची तर एकही तक्रार नाही."

"मग आता घ्या लिहून."

"तोंडी चालत नाही. फॉर्म भरावा लागतो."

"कुठे?"

"कॉम्प्युटरवर."

बाईंनी तो पाठीवरून उतरवला आणि माझ्यापुढे ठेवला. "दाखवा."

मी बटण दाबलं. काळ्या पडद्यात मला माझंच तोंड दिसलं.

आमच्या पाचांतले अस्वलदादा खाकरले. "साळोबा, यादीत पहिला नंबर कुणाचा रे?"

"माझ्या लॅपटॉपचा. दोनशे बारा तक्रारी."

"केल्या कुणी?"

"मीच. त्याचा हिरवा दिवा जरा पोपटी दिसतो."

"सगळ्या दिव्याच्याच?"

"नाही. काही बिजागरीच्या आहेत."

मग बैठक बसली. ती सूर्य मावळेपर्यंत चालली. बाईंना फॉर्म दिसत नाही, हे सर्वांना पटलं. म्हणून फॉर्मची अक्षरं मोठी करायचं एकमताने ठरलं. बाईंनी कॉम्प्युटर पुन्हा पाठीवर बांधला. नऊ दिवसांची वाट होती.

पौर्णिमेला हत्तीसाहेब आले. चौदाही कॉम्प्युटर भंगारात गेले.

पुढे मी मुद्दाम शाळेत जाऊन पाहिलं. बाईंनी पळसाच्या पानांवर काट्याने कीबोर्ड कोरून दिले होते. पोरं भराभर बोटं चालवत होती.

"बरं चालतं का?" मी विचारलं.

"अजून एकही बंद पडलं नाही," बाई म्हणाल्या.

परत येऊन मी यादीत लिहिलं: पळसाचं पान. आमच्या सिस्टिमशिवाय उत्तम चालतं. तक्रारी शून्य. नंबर शेवटचा.

तात्पर्य: ज्यांची तक्रार येत नाही, ते सुखी समजावेत. अनुभव वेगळा असल्यास फॉर्म भरावा. अक्षरं आता मोठी आहेत.