पोकळ हाडाचा नर

कृष्णकांत राऊत ताटातली तंगडी खात नव्हते, लोखंड कापायच्या करवतीने कापत होते. रविवारी केळव्याच्या वाचनालयात त्यांचं व्याख्यान होतं : ‘जीवाश्म पक्ष्यांतले नर-मादी कसे ओळखावेत’. तारापूरच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यापासून त्यांना हा नाद लागला होता आणि आजवर श्रोता एकच मिळाला होता, बायको सुलू.

“दगडात नराची लांब पिसं उमटली असतील तर ठीक,” ते म्हणाले. “नाहीतर हाड कापायचं. अंड्यावर आलेल्या मादीच्या हाडाची पोकळी भुसभुशीत हाडाने भरते. कवचासाठी चुन्याचा साठा! हे बघ.”

सुलूने पाहिलं. दोन्ही तंगड्या आतून रिकाम्या.

“म्हणजे दोन्ही नर,” कृष्णकांत म्हणाले.

“अहो, दुकानची कोंबडी चाळीस दिवसांची. ती कुठली अंडी घालते?”

मुद्दा बिनतोड होता, म्हणून कृष्णकांत चिडले. शनिवारी ते गावठी कोंबड्या पाळणाऱ्या भागीकडे गेले. “मला मादी हवी. शंभर टक्के मादी.”

“ही घ्या,” भागी म्हणाली. “मादीच हाय. पन कशाला?”

“उद्या व्याख्यानाला या, कळेल.”

रात्री रश्श्यातून कोंबडीची मांडी त्यांनी बाजूला काढून ठेवली. आधी कापून बघा, असं सुलू म्हणाली. पण लोकांसमोर पहिल्यांदा कापण्यात थरार आहे, असं त्यांचं मत पडलं.

बचत गटाची बैठक नुकतीच संपल्यामुळे वाचनालयात तीसेक बायका आयत्या मिळाल्या. सुलूही त्यांच्यातच बसली. कृष्णकांतांनी फळ्यावर ठळक लिहिलं : ‘भरलेलं – मादी. पोकळ – नर.’ मग करवत चालवली.

हाड पोकळ निघालं.

इथे थांबता आलं असतं. पण फळ्यावरचं अक्षर फार सुंदर आलं होतं.

“तर हा नर,” ते गंभीरपणे म्हणाले.

“नर?” तिसऱ्या रांगेतून भागी उठली. “सायेब, तिनं तीन वर्सं अंडी दिलीत मला!”

“मग आता का रिकामं?”

“आता बंद झालीत. म्हनून तर इकली. अंड्यावरची कोंबडी कोन इकतं?”

“अंडी बंद, तर हाडातला साठाही संपतो,” कृष्णकांत पुटपुटले. हेही त्यांनी वाचलं होतं. फळ्यावर लिहायचं तेवढं राहिलं होतं.

“म्हंजे अंडी बंद झाली की तुमी नर धरता?” भागीने मागच्या रांगांकडे हात केला. तिथे बहुतेक साठीच्या पुढच्या होत्या. “मंग आमी पन सगळ्या बापे झालो काय?”

वाचनालय हसण्याने दणाणलं. सगळ्यात मोठा आवाज सुलूचा होता.

कृष्णकांतांनी ‘नर’ पुसून तिथे ‘सांगता येत नाही’ असं लिहिलं. टाळ्या तेव्हा पडल्या.

परतताना रिक्षात त्यांनी हळूच विचारलं, “कसं झालं?”

“छान,” सुलू डोळे पुसत म्हणाली. “पुढच्या वेळी भागीला आधी बोलू द्या.”

“पुढच्या वेळी वाचनालयाने तिलाच बोलावलंय,” कृष्णकांत म्हणाले. “मी करवत घेऊन जायचं आहे.”