सुचेताच्या बोटांविषयीचा ठराव

कानडी मुलखातल्या यशवंतपूरच्या आमच्या मराठी मंडळात सांधेदुखी मार्गदर्शन समिती आहे आणि मी तिचा अध्यक्ष आहे. पात्रता विचाराल, तर माझा उजवा गुडघा अकरा वर्षं दुखतोय. एवढा दांडगा अनुभव कुठल्या डॉक्टरला आहे, सांगा बघू!

गेल्या वर्षी मार्चमध्ये सुचेता समितीपुढे आली. वय चौतीस, पुण्याची, कोरमंगल्यात नोकरी. दोन महिने सकाळी उठलं की दोन्ही हातांची बोटं सुजलेली. तासभर मूठ वळत नाही. लेकीच्या गणवेशाची बटणं शेजारीण लावून देते. कंपनीच्या डॉक्टरांना आमवाताचा संशय आला आणि त्यांनी सांध्यांच्या तज्ज्ञ डॉक्टर धनलक्ष्मींकडे चिठ्ठी दिली. मंगळवारची वेळही मिळाली होती. मल्लेश्वरमला तो दवाखाना नेमका कुठे, एवढंच तिला विचारायचं होतं.

म्हणजे समितीला डावलून थेट डॉक्टर! आम्ही तिला बसवून घेतलं.

"चौतिसाव्या वर्षी कसला गं वात?" तेल उपसमितीच्या प्रमुख भागुअक्का कडाडल्या. "आमच्याकडं साठीच्या आत कुणाला झालेला नाही. हात बघू. स्वल्पसुद्धा सूज नाही!"

"अक्का, आत्ता संध्याकाळचे सहा वाजलेत. सकाळी बघा ना."

"समितीची बैठक संध्याकाळीच भरते," मी नियम दाखवला. तिच्या सोयीसाठी रोगाची वेळ बदलता येत नसेल, तर समितीची का बदलायची?

मग आम्ही तिला यूरिक ॲसिड तपासायला लावलं. ते नॉर्मल आलं.

"अण्णा, ती तपासणी वेगळ्या आजाराची असते," सुचेता म्हणाली.

"अगं, रिपोर्ट चांगला आला तरी रडतेस?"

तिचा नवरा तनय जरा समंजस. त्याला मी बाजूला घेतलं. "त्या गोळ्या एकदा धरल्या की सुटत नाहीत. लिव्हर जातं." गोळीचं नाव मला ठाऊक नव्हतं, पण दुष्परिणाम तोंडपाठ होते. तनयने तिथल्या तिथे मंगळवारची वेळ रद्द केली.

"अरे, हात माझे आहेत!" सुचेता ओरडली.

"म्हणून तर सगळे काळजी करतात," तनय म्हणाला. गुणी मुलगा.

पुढे सगळं पद्धतशीर झालं. दही बंद, बटाटा बंद, हरभरा बंद. खानापूरचं तेल एकवीस दिवस, मग मुधोळचं तेल एकवीस दिवस. तांब्याचं कडं सुजलेल्या हातात जाईना, तेव्हा मोठ्या मापाचं आणवलं. गुण आला नाही की आम्ही तिलाच विचारायचो, "चोरून दही खाल्लंस ना?" शेवटी शेवटी बिचारी हो म्हणायला लागली.

चौदा महिन्यांनी एका सकाळी तिच्या हातून चहाचा कप निसटला. करंगळ्या आणि शेजारची बोटं बाहेरच्या बाजूला कलली होती. त्याच दिवशी ती रिक्षा करून एकटीच दवाखान्यात गेली.

डॉक्टर धनलक्ष्मी म्हणाल्या, "आजार आता गोळ्यांनी आटोक्यात येईल. पण वाकलेली बोटं सरळ व्हायची नाहीत. वेळेवर आला असतात, तर बहुतेक वाचली असती."

तीन महिन्यांत सूज उतरली. सकाळी मूठ वळू लागली, अर्धीमुर्धी. बटणं अजून शेजारीणच लावते. मी वार्षिक अहवालात नोंद केली: "रुग्ण समितीकडे आली तेव्हा बोटं सरळ होती. आज ती डॉक्टरांकडे आहे आणि बोटं वाकडी आहेत. सुज्ञांस सांगणे न लगे." अहवाल टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

सुचेता उठली. तिने वाकड्या बोटांचा हात माझ्या टेबलावर ठेवला.

"अण्णा, मी फक्त पत्ता विचारला होता."

मला क्षणभर खाली बघावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू! पण पत्ता काय, कुणीही सांगतं. आपल्या माणसांनी एवढ्यावर थांबायचं का? तुम्हीच बघा ना, सुचेताची बोटं सुजल्याचं वाचलंत तेव्हा तुमच्याही मनात एक तेल येऊन गेलं. आलं ना? सरी, ठरलं तर. भागुअक्कांच्या उपसमितीत एक जागा रिकामी आहे.