कारवारची गुलाबी मेणबत्ती

नाताळाआधीच्या चार रविवारी घरात मेणबत्त्या लावाव्यात हे मला देवाने सुचवलं असतं, तर पुढचं सगळं त्याच्यावर ढकलून मी मोकळा झालो असतो. पण ते सुचवलं नॉर्मनने. नॉर्मन म्हणजे माझ्या बायकोचा, फ्लोरीचा, थोरला भाऊ. राहायला वांद्र्याला. कुठल्याशा परदेशी मासिकात बघून त्याने हिरव्या पानांचं कडं केलं होतं. त्यात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी अशा चार मेणबत्त्या. पहिल्या रविवारी एक पेटवायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत नाताळ गाठायचा. "ऑल गुड होम्स डू इट," नॉर्मन म्हणाला. (आम्ही दोघेही मुंबईचे मूळचे ख्रिस्ती, ईस्ट इंडियन. दोघांच्याही आया मराठीतच भांडायच्या. पण वांद्र्याला गेल्यापासून नॉर्मनला मराठी समजेनासं झालंय.)

गिरगावातल्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्या म्हणजेही गुड होम आहे, हे दाखवणं भाग होतं. मी जुन्या चाळणीच्या कड्याला अशोकाची पानं बांधली. जांभळ्या मेणबत्त्या कुठे मिळेनात, म्हणून पांढऱ्यांना ऑफिसातली शिक्क्याची शाई फासली. गुलाबीसाठी, कशाला हवं ते सांगून, शेजारच्या यशोदावहिनींकडून कुंकू आणलं.

"किराणा दुकानाचं उद्घाटन वाटतंय," फ्लोरी म्हणाली.

मी मेणबत्तीला कुंकू चोळत राहिलो. (कोपरापर्यंत जांभळ्या झालेल्या माणसाने वाद घालू नये.)

यशोदावहिनींचे यजमान अण्णा हे आमच्या चाळीतले संयुक्त महाराष्ट्र समितीचे कार्यकर्ते. साल अठ्ठावन्न. द्वैभाषिकाचा निषेध म्हणून त्यांनी त्या रविवारी संध्याकाळी सातला सगळ्या चाळीने पंधरा मिनिटं दिवे मालवायचे असं ठरवलं होतं. मला सांगितलं, तेव्हा मी मान डोलावली होती. मान डोलावून विसरणं हे मी ऑफिसात शिकलो.

सातला मी खिडकीतली पहिली मेणबत्ती पेटवली. फ्लोरीने डोळे मिटून प्रार्थना म्हटली आणि आम्ही पाच मिनिटं नुसते बसलो. लग्नाला बारा वर्षं झाली, पण तिचा इतका निवांत चेहरा मी पाहिला नव्हता. मग दार वाजलं. बाहेर अण्णा आणि त्यांच्यामागे मिट्ट काळोख.

"गॅब्रिएल, सगळी चाळ अंधारात, आणि उजेड तुझ्या एकट्याच्या खिडकीत?"

'विसरलो' म्हणायला एक सेकंद पुरला असता. मी म्हणालो, "अण्णा, हा साधा उजेड नाही."

अण्णा आत आले. मेणबत्त्या मोजल्या. "चार?"

"दर रविवारी एकेक वाढवायची."

"मुंबई, बेळगाव, कारवार, निपाणी," अण्णा हलक्या आवाजात म्हणाले. त्यांनी टोपी काढली. मी नाही म्हणालो नाही.

"आणि तिसरी गुलाबी का रे?"

"कारवारला समुद्र आहे ना," मी म्हणालो. याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. अण्णांना लागला असावा, कारण त्यांनी माझा हात हातात घेतला आणि स्वतःही जांभळे झाले.

दुसऱ्या रविवारी बेळगाव पेटवायला बावीस माणसं आली. तळमजल्यावरच्या जयवंतची सासुरवाडी बेळगावची, एवढ्या अधिकारावर तो चाळीस मिनिटं बोलला. फ्लोरी जपमाळ हातात घेऊन मोरीच्या उंबऱ्यावर उभी होती.

"माझी पाच मिनिटं गेली," सगळे गेल्यावर ती म्हणाली.

"प्रार्थनेची?"

"तू गप्प बसतोस ती. अण्णांना खरं काय ते सांग. पुढच्या रविवारी नॉर्मन येतोय. त्याच्यासमोर हा तमाशा झाला तर मी नाताळाला वांद्र्याला जाईन, आणि तू इथे एकटा निपाणी पेटवत बस."

मी खरं सांगायला अण्णांकडे गेलो. चहा प्यालो, आणि सतरंज्या कमी पडतील का, यावर चर्चा करून परत आलो.

तिसऱ्या रविवारी नॉर्मन सूट घालून आला. मुंबईचं वेगळं राज्य व्हावं अशा कुठल्याशा अर्जावर त्याची सही होती. जमिनीवर बसलेली चाळीस माणसं बघून त्याने विचारलं, "आर दे ऑल कॅथलिक्स?"

"ऑलमोस्ट," मी म्हणालो.

अण्णांनी त्याच्या गळ्यात हार घातला. "वांद्र्याचे ख्रिस्ती पुढारी नॉर्मनसाहेब मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राला पाठिंबा द्यायला इथे आले आहेत."

टाळ्या पडल्या. नॉर्मनचे कान लाल झाले. त्याला शब्दन् शब्द कळला होता. पण नाकारायचं तर कळल्याचं कबूल करावं लागणार. "व्हॉट इज ही सेइंग?" त्याने दात आवळून मला विचारलं.

"वेलकम म्हणतायत."

नॉर्मन कारवार पेटवायला वाकला. पानांना आता दोन आठवडे झाले होते, ती पापडासारखी वाळली होती. आधी पानं पेटली, मग नॉर्मनची बाही.

"अरं जललं रं, जललं! बघतास कं मेल्यांनो, पानी आना!"

यशोदावहिनींनी पिण्याच्या पाण्याची कळशी त्याच्यावर उपडी केली. नॉर्मनच्या नाकावरून पाणी ठिबकत होतं.

"वांद्रं आलं महाराष्ट्रात," अण्णा म्हणाले.

फ्लोरी हसत सुटली. हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. "आई गेल्यापासून तुझ्या तोंडून आपली बोली ऐकलीच नव्हती," ती नॉर्मनला म्हणाली. तो माझं कोरडं धोतर गुंडाळून बसला आणि त्याच बोलीत त्याने मला अर्धा तास झापलं. बारीकसारीक शब्दही विसरला नव्हता.

मग फ्लोरीने कारभार हाती घेतला. अण्णांना तिने दोन वाक्यांत खरं सांगितलं.

"वहिनी, ते मला यशोदेनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं," अण्णा म्हणाले. "पण सभेला चाळीस माणसं जमवायला मला एरवी महिना लागतो."

फ्लोरीने अट घातली. ज्याला यायचं त्याने यावं, पण भाषण नाही, घोषणा नाही, पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं. चौथ्या रविवारी तिसरा मजला सोडला तर आख्खी चाळ आली. उरलेली मेणबत्ती पालथ्या वाटीवर उभी राहिली. प्रार्थना नॉर्मन म्हणणार होता, मराठीत. मी घरचा कर्ता म्हणून पुढे बसायला गेलो, तर फ्लोरीने माझ्या हातात पाण्याने भरलेली बादली दिली.

"तू बाहेर गॅलरीत थांब. पुन्हा पेटलंबिटलं तर असावी. आणि आत बसलास तर बोलशील."

मी बादली पायाशी ठेवून दाराबाहेर उभा राहिलो. आत इतकी शांतता होती की मलाही बरं वाटायला लागलं. एवढ्यात मागे काहीतरी खणखणलं. वळून पाहिलं तर माझ्या बादलीमागे एक बादली, तिच्यामागे हंडा, मग दोन डबे. तिसऱ्या मजल्यावरची माणसं जिन्यावरून एकेक करून खाली येत होती आणि काही न विचारता रांगेला लागत होती.

तिसऱ्या मजल्यावरच्या रखमाबाईंनी मागून वाकून माझ्या बादलीत पाहिलं.

"तुमची भरली की," त्या म्हणाल्या. "मग अडून कशाला ऱ्हायलाय? व्हा बाजूला."

मी झालो. रांग एका बादलीने पुढे सरकली.