विझवायला कुणी आहे का?

“दुकानात मिळत नाही ना? मग मी स्वतः बनवते!”

असं मी सायकलच्या दुकानदाराला ठणकावून सांगितलं. तो “आं?” म्हणाला. माझं ठणकावणं एवढंच असतं! आमचे हे म्हणतात, मी भांडायला लागले की लोकांना वाटतं, बाई पत्ता विचारतेय.

झालं होतं असं. मला चार नेम आहेत. पहाटेची प्रार्थना चुकवायची नाही, खोटं बोलायचं नाही, रोज अकरा ते बारा मौन, आणि आपल्या हाताने ज्योत विझवायची नाही. पहिला नेम अकरा वर्षं अखंड चालला होता, आणि नेमकी त्याच्यावर गदा आली. पहाटेची बस बंद झाली! प्रार्थनामंदिर चालत पाऊण तासावर, आणि माझा डावा गुडघा वीस मिनिटांचा. ह्यांनी स्कूटरवरून सोडायचं कबूल केलं, पण महिनाअखेरपर्यंतच.

“एक तारखेपासून मी पहाटे पाचला उठणार नाही. देव स्वतः उठवायला आला तरी नाही!”

“असं बोलू नये हो.”

“बरं, देव आला तर चहा देईन. पण स्कूटर काढणार नाही!”

सायकल मला चालवता येते. पण उंची चार फूट सात इंच. पाय पोचतील अशी दुकानात एकच सायकल होती. तिच्या हँडलवर सशाचं तोंड होतं आणि मागे दोन जादा चाकं! म्हणून मी फ्रेम बनवायच्या वर्गात नाव घातलं. चार शनिवार, सकाळी नऊ ते एक.

वर्ग म्हणजे एक लांबट शेड. मास्तर एकशे दहा किलोचे. शिकणाऱ्या दोघीच, मी आणि एक दातांच्या डॉक्टरीणबाई. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “फटीत काहीतरी भरायचं ना? मी वीस वर्षं तेच करतेय!”

काम तसं सरळ होतं. दोन नळ्या जिथे भेटतात तिथे एक लोखंडी बाही चढवायची. फटीत टाकणखाराचा लेप द्यायचा आणि गॅसच्या ज्योतीने सांधा तापवायचा. लेप पाण्यासारखा चमकू लागला की पितळेची कांडी टेकवायची. नळी वितळत नाही, पितळ तेवढं वितळतं आणि फटीत शिरून बसतं. यालाच ब्रेझिंग म्हणतात. मला वाटलं, दूध तापवण्याइतकंच अवघड असेल. तापवलं, कांडी टेकवली, पितळ पसरलं. फारच छान! आणि मी सवयीने हाक मारली, “अहो!”

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. “कुणाला बोलावताय, ताई?”

“विझवायला कुणी आहे का?”

“ती चावी फिरवा की. विझेल.”

“मी ज्योत विझवत नाही. नेम आहे.”

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. “मग घरी गॅस कोण बंद करतं?”

“हे.”

“रोज?”

“एकवीस वर्षं. अर्धी दाढी टाकून येतात.”

मास्तर चष्मा परत डोळ्यांवर घेत म्हणाले, “थोर माणूस आहे!”

ज्योत विझवायचं काम डॉक्टरीणबाईंनी आपणहून घेतलं. पण दुसऱ्याला ताटकळत ठेवणं माझ्या जिवावर येतं. त्या चावीशी उभ्या राहिल्या की मी घाईघाईने उरकायचे आणि म्हणायचे, “झालं हं!” मास्तरांनी माझा पहिला सांधा करवतीने उभा कापला. वरून सोन्यासारखा, आत कोरडा ठणठणीत!

“ताई, पितळ दाराशी आलं आणि तुम्ही दारच लावून घेतलंत! आत उतरू तर द्या त्याला!”

तो तुकडा सिलिंडरच्या वरच्या भिंतीवर टांगला गेला. तिथे नापास मालाचं प्रदर्शन होतं. तीन शनिवारांत त्या भिंतीवर माझे सहा तुकडे लागले. एखाद्या चित्रकाराचीही इतकी चित्रं भिंतीवर लागत नसतील!

चौथा शनिवार म्हणजे महिन्याची शेवटची तारीख. माझ्या फ्रेमचे बाकी सांधे दोन-दोनदा तापवून कसेबसे पास झाले होते. राहिला होता हँडलखालचा. तो सुटला तर माणूस थेट तोंडावर! मास्तर म्हणाले, “हा पास झाला तर दुपारी चाकं लावून देतो. नापास झाला तर पुढचा वर्ग तीन महिन्यांनी.”

तीन महिने! इकडे उद्या पहाटेच माझी अकरा वर्षं मोडणार होती.

पावणेअकराला मी ज्योत पेटवली. मौनाआधी पंधरा मिनिटं हातात होती. मास्तर चाकं आणायला शेजारच्या दुकानात गेले. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन वाजला, कुणाचीतरी कवळी अडकली होती. “आलेच हं ताई!” म्हणत त्याही बाहेर पडल्या. मी सांध्याला कांडी टेकवली, पितळ पसरलं, आणि भिंतीवरच्या घड्याळात अकराचे ठोके पडले.

आता गंमत बघा. एका हातात फुरफुरणारी ज्योत. विझवायची नाही, नेम! पेटती खाली ठेवायची नाही, मास्तरांचा नियम! हाक मारायची नाही, मौन! मी देवाचं नाव घेतलं, तेही मनातल्या मनात, आणि सांधा तापवत राहिले. एका जागी धरली तर नळी करपेल, म्हणून ज्योत गोल गोल फिरवत राहिले. दुसरं करणार तरी काय?

इतक्यात दारात हे! फ्रेमचं काय झालं ते बघायला आले होते. मी हनुवटीने सिलिंडरकडे खूण केली, की चावी बंद करा! पण आमच्या संसारात ‘अहो’ म्हटल्याशिवाय त्यांचे पाय चालत नाहीत. ते जागीच उभे. मी पुन्हा जोरात खूण केली. त्यांनी सिलिंडरकडे पाहिलं नाही. पाहिलं ते वर, नापास तुकड्यांकडे. आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला!

“तुला कळलं वाटतं?”

मी डोळे मोठे केले. ज्योतीसाठी घातलेल्या काळ्या चष्म्याआडून ते काय दिसणार? मग मी ज्योतीनेच चावीकडे बोट दाखवलं, म्हणजे ज्योतच दाखवली. हे दोन पावलं मागे सरले.

“सांगतो, सगळं सांगतो! तुला सोडून मी घरी येतो असं म्हणायचो ना? येत नव्हतो! पथ्य मोडून कोपऱ्यावर तीन कप गोड चहा प्यायचो!”

मी मान हलवली. ते नाही हो, चावी!

“बरं, चार कप! आणि मास्तरांना मीच सांगितलं, हिची फ्रेम नापास करा म्हणून! तू पहाटे अंधारात पडशील या भीतीने सांगितलं गं! ते खाली कर आधी!”

हे ऐकूनही माझा हात फिरायचा थांबला नाही. तोच डॉक्टरीणबाई परत आल्या. त्यांना काय दिसलं? नवरा भिंतीला चिकटलेला, हात जोडून गयावया करतोय, आणि समोर मी, हातात वीतभर निळी ज्योत!

“ताई! संसारात होतं असं! नका करू!” म्हणत त्यांनी कोपऱ्यातली पाण्याची बादली उचलली.

“पाणी नको!” दारातून मास्तर गरजले. त्यांच्या दोन्ही काखांत चाकं होती. “तापलेला सांधा चिरेल!”

पण बादली निघाली होती. मी गर्रकन वळून सांध्याला पाठीशी घातलं, आणि अख्खी बादली माझ्या अंगावर! ज्योत मात्र तशीच, ठणठणीत! मास्तरांनी चाकं टाकली आणि धावत जाऊन चावी बंद केली.

सगळे माझ्याकडे बघत होते, मी घड्याळाकडे. अकरा वाजून बारा मिनिटं! पुढची अठ्ठेचाळीस मिनिटं आम्ही चौघं बाकावर ओळीने बसलो. सांधा गार होत होता आणि ह्यांना घाम फुटत होता. बायको ओरडली तर नवरा सोसतो. गप्प बसली की त्याचं काही खरं नसतं. मध्येच हे मास्तरांना म्हणाले, “तुम्ही तरी काही बोला.”

मास्तर म्हणाले, “तुम्ही नापास करा म्हणालात, मी ऐकून घेतलं. हो म्हणालो नव्हतो. आणि खरं सांगू? बाईंनी तशी वेळच येऊ दिली नाही. आपल्या आपणच नापास होत होत्या!”

बारा वाजले. मी उठले. गरम पाण्याने सांधा घासला, वरचा काचेसारखा थर निघाला. बाहीच्या कडेने सगळीकडून सोनेरी रेघ, कुठेही खंड नाही! मास्तरांनी नळीच्या तोंडातून आत बॅटरी मारली आणि दुसऱ्या बाजूनेही तीच रेघ दिसली.

“उतरलं!” मास्तर ओरडले. “ताई, आज दार उघडं ठेवलंत!”

ठेवतेय कसली? बंद करायला कुणी नव्हतं!

फ्रेम दोन लोखंडी घोड्यांवर ठेवून मास्तर तिच्यावर बसले. कुरकूरसुद्धा नाही. मी हळूच म्हणाले, “अहो.”

हे ताडकन उठले.

“तुम्हीही बसा.”

“मी कशाला?”

“बसा म्हणते ना.”

बसले बिचारे, मास्तरांना मागून धरून. एकशे ऐंशी किलो! डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. फ्रेम केसभरही हलली नाही. मास्तर वरूनच म्हणाले, “पास!”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बिनरंगाच्या सायकलवर बसून निघाले. दोन्ही पाय जमिनीला टेकत होते. आयुष्यात पहिल्यांदा! चढावर मी एका पेपरवाल्याला मागे टाकलं. पाऊण तासाचा रस्ता चौदा मिनिटांत संपला आणि प्रार्थनामंदिराची पहिली घंटा व्हायच्या आत मी जागेवर हजर! नेम अखंड! अभिमानाने छाती फुगली.

प्रार्थना संपल्यावर सगळ्यांत ज्येष्ठ बाई जवळ आल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला. “आज तुम्ही किती कळवळून हात जोडले होते! डोळ्यांत पाणी होतं. कुणासाठी मागत होतात एवढं?”

खोटं बोलायचं नाही, हा नेम.

“सायकलसाठी,” मी म्हणाले. “कुलूप लावायचं विसरले होते.”