मोठ्या डॉक्टरांचे इओसिनोफिल

वार्षिक तपासणीत मोठ्या डॉक्टरांचं रक्त भिंगाखाली आलं आणि लॅबच्या तंत्रज्ञबाईंनी चष्मा पुसून पुन्हा मोजलं. शंभर पांढऱ्या पेशींत बत्तीस इओसिनोफिल! एरवी चार-पाच म्हणजे डोक्यावरून पाणी. नारिंगी दाण्यांच्या या पेशी जंत शरीरात शिरले की फौजेसारख्या वाढतात. एवढा मोठा जंत काही त्यांना गिळता येत नाही, म्हणून त्याच्या अंगाला चिकटून दाण्यांतलं विष ओततात.

"पेशी रंगवायचा रंग जुना असेल," लॅबचे प्रमुख या नात्याने डॉक्टर म्हणाले.

"कालच केलाय, सर."

"मग चार लिहून टाका."

"बत्तीस मोजलेत, बत्तीसच लिहिणार."

"बाई, बावीस वर्षं मी स्वच्छतेवर व्याख्यानं देतोय! माझ्या पोटात जंत?"

"त्यांनी व्याख्यान ऐकलं नसेल, सर."

डॉक्टर पेशी मोजायच्या यंत्राकडे धावले. यंत्राने चौतीस दाखवले. यंत्रच बिघडलंय म्हणून मेकॅनिक आला. त्याने स्वतःचं रक्त घालून पाहिलं, तर तीन. यंत्र ठणठणीत! मग बाईंनीच बाटल्यांची अदलाबदल केली, असा ठपका आला. बाई लालबुंद झाल्या.

"घ्या पुन्हा रक्त, सगळ्यांदेखत! आकडा खोटा निघाला, तर उद्यापासून इथं पाऊल ठेवणार नाही."

दारात ही गर्दी. सुई टोचली, काच रंगली. मेकॅनिकसुद्धा श्वास रोखून उभा. तेहतीस!

"ॲलर्जीनेही वाढतात," डॉक्टर पुटपुटले.

"वाढतात ना. म्हणून तर शौचाची डबी आणा, सोक्षमोक्ष लागेल."

"मुळीच आणणार नाही!"

"मग अहवालात तसंच लिहिते. रुग्ण ऐकत नाही."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या पत्नीच डबी घेऊन हजर झाल्या. "कशी मिळवली ते विचारू नका," त्या बाईंना म्हणाल्या. "रोज सकाळी तब्येतीसाठी बागेत अनवाणी फिरतात. चपला घाला म्हटलं, की मलाच शिकवतात!"

भिंगाखाली अंकुशकृमीची अंडीच अंडी. मातीतून तळपायावाटे शिरणारा जंत तो. बाईंनी खुर्ची सरकवून डॉक्टरांना जागा दिली. आता हे ओशाळतील, असं त्यांना वाटलं. डॉक्टरांनी भिंगावरचा डोळा न काढताच अहवालावर सही ठोकली.

"वा! काय सुरेख कवच आहे! बाई, ही काच विद्यार्थ्यांसाठी जपून ठेवा. असा नमुना मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही."

"मी सत्तावीस वर्षं पाहतेय," पत्नी म्हणाल्या आणि त्यांनी जंताची गोळी पुढे केली.