याकूबचाचांची पाणीतपासणी

याकूबचाचा दुपारची भाकरी गिऱ्हाइकाच्या गाडीत बसून खायचे, आणि ते खात असताना गिऱ्हाइकाने टपावर झारीने पाणी ओतत राहायचं, असा त्यांच्या गॅरेजचा नियम होता. काचा बंद. मांडीवर वर्तमानपत्र पसरलेलं. कागदावर थेंब पडला की आतून काचेवर टकटक. एक टकटक म्हणजे पुढे गळतंय, दोन म्हणजे मागे. मग भाकरी फडक्यात, आणि गाडी पुन्हा आत.

निफाडच्या बाजारात माझा आवाज चढला की समोरचा भाव विसरतो. असा मी नाशिकला भद्रकालीत गॅरेजसमोरच्या गल्लीत भर उन्हात झारी घेऊन सहा दुपारी उभा राहिलो. येणारेजाणारे विचारायचे, "काय शेठ, गाडीला अभिषेक?" त्या सहा दुपारींचा राग माझ्या डोक्यातून अजून पुरता गेलेला नाही.

गाडी जुनी अँबॅसेडर. माझे वडील, अण्णा, तिचे ड्रायव्हर, मालक दुसरेच. लहानपणी मी ती रोज पुसायचो, पण आत बसायची परवानगी नव्हती. पुढे द्राक्षाच्या व्यापारात हात बसला, तेव्हा ती मला एका मळ्यात सापडली. आत कोंबड्या नांदत होत्या. भांडून भांडून मिळवली आणि ट्रकवर घालून नाशिकला आणली. येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अण्णांना तिच्या मागच्या सीटवर बसवायचं, एवढंच डोक्यात होतं. त्यांचे गुडघे गेले होते, नजर चालली होती. त्याच्या पुढच्या आखाजीचा मला भरवसा नव्हता.

पत्रा दुसरा कोणीही जोडायचा, पण सांधे भरावेत चाचांनीच. आधी तारेच्या ब्रशने घासून पत्रा उजळ करायचा, मग प्रायमर, मग सीलरची सरळ रेघ, आणि ती करंगळीने अशी दाबायची की जोड कुठे आहे ते बोटालाही कळू नये. "रंग लोक बघतात, शेठ. सांधा पाणी बघतं."

मी म्हणायचो, "आठ दिवसांत द्या."

"बारा."

"नऊ!"

"सीलर तुमच्या बोलीने नाय सुकत, शेठ."

एकदा दारांच्या तळाला भोकं उघडी दिसली. मी भडकलो. "ही कोण बुजवणार?"

"कोणी नाय. काचेजवळून पाणी दारात उतरणारच. भोक बुजवलं तर आतच बसून पत्रा खाईल." मग करंगळी पुसत म्हणाले, "जाणाऱ्याला वाट ठेवायची."

समोरच्या चहावाल्याने मला या तपासणीचं मूळ सांगितलं. पूर्वी आत चाचांची बायको बसायची, हमीदाबी, आणि पाणी चाचा ओतायचे. टकटकीची भाषा तिचीच. चाचा तिला इन्स्पेक्टरसाहेब म्हणायचे. तिची तिसरीही एक खूण होती. तीन टकटक म्हणजे सगळं कोरडं आहे, झारी ठेवा, आत या जेवायला. ती वारल्यावर चाचा स्वतः आत बसू लागले. "गाडी पास झाली की गुपचूप दार उघडून बाहेर येतात," चहावाला म्हणाला. "तीन टकटक पुन्हा ऐकली नाही बुवा."

आखाजी चार दिवसांवर आली. सहावी तपासणी. पुन्हा दोन टकटक.

मी हातातली बॅटरी पेटवून डिकीत डोकं घातलं. मागच्या काचेखालचा डावा कोपरा उघडा होता. आदल्याच दिवशी तो माझ्यासमोर भरला होता. आता तिथे पात्याने खरवडल्याच्या ताज्या रेघा होत्या.

"चाचा, हा तुम्ही काढला!"

ते भाकरी फडक्यात गुंडाळत राहिले.

"जाणाऱ्याला वाट ठेवायची म्हणता ना? मग माझी गाडी का अडवली? म्हातारा वाट बघतोय माझा घरी!"

सगळी गल्ली थांबून बघत होती. चाचांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"तीस वर्षं मी बाहेरच होतो, शेठ," ते म्हणाले. "टपावर पाणी पडताना तिला आत काय ऐकू यायचं, ते आता बसल्यावर कळलं. जुन्या गाड्या येत नायत हल्ली. तुमची गेली की मग कशात बसू?"

मी त्या कोपऱ्यावर बॅटरी धरली. त्यांनी कोपरा पुन्हा भरला. रेघ सरळ आली. आधीच्या पाच गळत्या खऱ्या होत्या का, ते मी विचारलं नाही.

दोन दिवसांनी सातवी तपासणी. झारी रिकामी झाली, टकटक नाही. आता हात पुढे करून किल्ली मागायची, की झालं. मी झारी पुन्हा भरली. ती संपली, तिसरी भरली. सावकाश ओतत होतो, टपाच्या मधोमध, जिथे पत्रा जास्त वाजतो.

आणि आतून टकटक झाली. एक. दोन. मी थांबलो. तीन.

आजूबाजूला पाहिलं. गल्लीत झारीवाला मी एकटाच होतो. झारी खाली ठेवली, हात शर्टाला पुसले, चपला काढल्या आणि दार उघडलं.

"चपला कशाला काढता, शेठ?" चाचा म्हणाले. "गाडी तुमचीच हाय." आणि सरकून जागा करत त्यांनी भाकरी मोडली.