श्वान जातपडताळणी

जुळे सोलापुरातल्या आमच्या शांतिबन सहकारी गृहनिर्माण संस्थेत अठ्ठेचाळीस फ्लॅट, एक बंद लिफ्ट आणि अकरा कुत्री होती. त्यांपैकी दहा सभासदांची आणि अकरावी वॉचमन निंगप्पाची. अकरा कुत्र्यांसाठी ठराव, उपठराव, शिबिर आणि विशेष सभा का लागली, याबद्दल गावात बरीच चुकीची माहिती पसरली आहे. संस्थेचा सचिव या नात्याने खरी हकीकत नोंदवणं माझं कर्तव्य आहे. मी जिल्हा परिषदेतून कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालो, पण फाइल काही माझ्यातून निवृत्त झाली नाही, असं आमच्या यशोदाबाई म्हणतात.

सभासदांच्या दहा कुत्र्यांविषयी कुणाचीच तक्रार नव्हती. अध्यक्ष हिंदुराव यांच्याकडे हस्की आहे. हे जनावर मूळचं बर्फाळ प्रदेशातलं, आणि आमच्याकडे एप्रिलमध्ये गॅलरीतली बादली दुपारी हात लावू देत नाही. हिंदुरावांकडे एसी एकच. त्यामुळे उन्हाळाभर हस्की बेडरूममध्ये झोपतो आणि अध्यक्षांचं कुटुंब गॅलरीत. वीज गेली की त्याच्यावर ओली सोलापुरी चादर टाकतात. तो चादरीखाली धापा टाकत असतो आणि हिंदुराव पाहुण्यांना अभिमानाने सांगतात, "अस्सल आहे. म्हणून त्रास होतोय."

खजिनदार दाक्षायणी मॅडम यांचा शिह-त्झू कडेवरच फिरतो. त्याचे पाय जमिनीला लागले तर धुवावे लागतात आणि नळाला पाणी चार दिवसांतून एकदा येतं. डोळ्यांवरची झुलपं वर बांधायला त्याला दोन क्लिपा लागतात. आमच्याकडे लॅब्रेडॉर आहे. पुण्याहून आणलेला. त्याची शेपटी पाठीवर गोल वळते. ती आनंदाने वळते, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं आणि आम्ही आनंदाने मानलं होतं.

प्रश्न होता तो चिगरीचा. कानडीत हरणाला चिगरी म्हणतात. निंगप्पा वळसंग गावचा, सायकलवर येताना तिला सोबत घेऊन आला आणि केबिनपाशी ठेवली. उंच पाय, निमुळतं तोंड, पोट आत गेलेलं आणि बरगड्या एकेक मोजून घ्याव्यात अशा. भुंकणं जवळपास नाहीच. निंगप्पा फाटक उघडायला उठला की ती उठे, तो बसला की बसे.

दाक्षायणी मॅडमच्या मुलीला, अक्षताला, बघायला पाहुणे आले, त्यांनी फाटकातच विचारलं, "इथं कुत्र्यांना खायला घालत नाहीत का?" स्थळ पुढे सरकलं नाही. मॅडमनी लेखी तक्रार दिली. मी त्याच दिवशी निंगप्पाला नोटीस काढली. विषय: आपल्या ताब्यातील श्वानाच्या बरगड्या दिसत असल्याबाबत.

निंगप्पा नोटीस घेऊन वर आला. "साहेब, ह्या जातीच्या बरगड्या दिसत्यातच की. पळनारं जनावर हाय. चरबी धरली तर पळंल कसं?"

"पंधरा दिवसांत बरगड्या झाकल्या गेल्या पाहिजेत," मी म्हणालो. "कसं, ते तुमचं तुम्ही बघा."

त्याने बघितलं. दोन दिवसांनी चिगरी जुन्या चादरीची झूल घालून फाटकाशी बसली होती. बरगड्या झाकलेल्या होत्या. नोटिशीची शब्दशः पूर्तता झाल्यामुळे फाइल बंद करावी लागली. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी इतका हतबल झालो नव्हतो.

तेव्हा मूळ मुद्द्यालाच हात घालायचं ठरलं. ठराव क्रमांक सतरा: 'संस्थेच्या आवारात केवळ प्रमाणित जातीचे श्वानच वास्तव्य करू शकतील. अप्रमाणित श्वान महिनाअखेर हटवण्यात यावेत.' ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. मी अर्जाचा नमुना तयार केला. जात, रंग, कोठून आणले, फ्लॅट क्रमांक, मालकाचा हुद्दा. निंगप्पाने तो बराच वेळ उलटसुलट करून पाहिला.

"साहेब, ह्यात नाव कुटं लिवायचं?"

"कुणाचं?"

"कुत्रीचं."

"नावाचा रकाना नाही. नावाची गरज नाही. जात लिहा."

"कारवानी."

मी इंटरनेटवरून छापलेली यादी काढली. जगातल्या लोकप्रिय पन्नास जाती. त्यात कारवानी नव्हतं, हे मी त्याला बोट ठेवून दाखवलं.

"त्येंच्या यादीत नसंल," निंगप्पा म्हणाला. "हिची आई माज्या दारात व्याली. आईची आई माज्या सासऱ्याकडं होती. तिला वळसंगात समदे वळकायचे. सशामागं सुटली की मानसं काम टाकून बघायची."

"कागद आहे?"

"कागुद न्हाय. पर आई ठाव हाय की."

"आई ठाऊक असून काय उपयोग?" मी म्हणालो. "कागद ठाऊक पाहिजे."

तो खाली गेला आणि चिगरीच्या मानेवर हात ठेवून बसून राहिला. त्याची बायको निंगव्वा वारल्यापासून त्याला घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं, हे मला माहीत होतं. अर्जात त्यासाठीही रकाना नव्हता.

नियमाप्रमाणे वागायचं म्हणून आम्ही रविवारी सकाळी पडताळणी शिबिर ठेवलं. मांडव घातला, फलक लावला, फोटोग्राफर बोलावला, पशुवैद्यक डॉ. मेहनाज यांना नारळ-शाल दिली. शिबिराचा खरा हेतू निंगप्पाला अधिकृतपणे नाही म्हणणं हा होता. बाकीच्या दहा कुत्र्यांची तपासणी केवळ औपचारिकता होती. मेहनाज मॅडमना मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या खरोखरच तपासू लागल्या.

दाक्षायणी मॅडमच्या शिह-त्झूच्या क्लिपा काढून, केस बाजूला करून त्यांनी पाहिलं. "केस छान वाढवलेत," त्या म्हणाल्या, "पण शिह-त्झू नाहीये हा. मिश्र आहे." मग आमच्या लॅब्रेडॉरची शेपटी दोनदा सरळ केली. ती दोनदा वळली. "वडील असतील लॅब्रेडॉर. आई इथलीच कुणीतरी. कणखर असतात अशी पिल्लं, काका. सांभाळा." मी 'मिश्र' हा शब्द माझ्याच हस्ताक्षरात लिहिला, तेव्हा यशोदेने तोंडाला पदर लावला होता. ती रडत नव्हती.

हस्की मात्र अस्सल निघाला. हिंदुरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"अस्सल आहे, म्हणूनच सांगते," मेहनाज मॅडम म्हणाल्या. "याचे केस झडलेत, कातडीला चट्टे आलेत. याला थंड जागी तरी पाठवा, नाहीतर असाच उन्हाळ्यात संपेल."

"पण मॅडम, सगळा एसी त्यालाच दिलाय."

"त्याने मागितला होता का?"

शेवटी चिगरी आली. मेहनाज मॅडमनी झूल काढली आणि हात तसाच थांबला. त्यांनी तिचे पाय पाहिले, छाती मापली, दात पाहिले, मग तिला जरा पळवायला सांगितलं. निंगप्पाने नुसती शीळ घातली. चिगरी पार्किंगच्या या टोकापासून त्या टोकाला गेली आणि परत आली, तोवर फोटोग्राफरला कॅमेऱ्याचं झाकणही काढता आलं नाही.

"ही शुद्ध कारवानी आहे," मेहनाज मॅडम म्हणाल्या. "इतकी चांगली मी बऱ्याच दिवसांत पाहिली नाही. कुणी सांभाळली?"

"म्या," निंगप्पा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

परिस्थिती गंभीर होती. दहापैकी नऊ कुत्री मिश्र, दहावं अस्सल पण डॉक्टरांनी थंड जागी पाठवायला सांगितलेलं. ठराव सतराप्रमाणे महिनाअखेर आवारात राहण्याचा अधिकार फक्त वॉचमनच्या कुत्रीला होता. संध्याकाळीच विशेष सभा बोलावली. अशी भरगच्च सभा पाणीप्रश्नावरही झाली नव्हती.

मार्ग मीच सुचवला. डॉक्टरांनी फक्त कुत्रं तपासलं, मालक तपासला नाही, ही पडताळणीतली मूलभूत त्रुटी होती. तेव्हा उपठराव सतरा-अ: 'श्वानाची जात त्याच्या मालकाच्या फ्लॅटच्या क्षेत्रफळावरून निश्चित करण्यात यावी.' हजार चौरस फुटांवर ग्रेट डेन, नऊशेवर लॅब्रेडॉर, सहाशेवर बीगल, असा तक्ता केला. दाक्षायणी मॅडमचे दोन फ्लॅट जोडलेले असल्याने त्यांच्या कडेवरचा प्राणी ग्रेट डेन झाला. आमच्या सहाशे चाळीसमध्ये बीगलच बसत होतं, पण गच्चीचा वाटा आणि जिन्याखालची सायकलची जागा धरून लॅब्रेडॉर टिकवता आला. खोटं काहीच नव्हतं. सगळं मापून घेतलं होतं.

निंगप्पाची केबिन पस्तीस चौरस फूट निघाली. इतक्या जागेत कुठलीच जात बसत नव्हती.

"म्हंजी चिगरीला जावं लागनार?" निंगप्पाने दारातून विचारलं.

"अजिबात नाही," हिंदुराव उठून म्हणाले. "शुद्ध जातीचा प्राणी संस्थेची शान आहे. पत्ता चुकीचा आहे एवढंच. पत्ता बदलू. मी तिला माझ्या घरी ठेवायला तयार आहे." हस्की त्यांच्या महाबळेश्वरच्या साडूकडे जाणार होता. टाळ्या पडल्या. निंगप्पाचं मत विचारायचं राहिलं, कारण तो सभासद नव्हता.

चिगरी तिसऱ्या मजल्यावर एसीत राहायला गेली. तिचे फोटो संस्थेच्या ग्रुपवर आले. तिने खाणं सोडलं. ती दिवसभर गॅलरीच्या गजांतून तोंड काढून फाटकाकडे बघत असे, आणि खाली निंगप्पा मान वर करत नसे. चौथ्या दिवशी अध्यक्षांनी त्याला वर बोलावलं, भाकरी-दूध घालायला. घातलं की ती खायची. मी त्याच्या ड्युटीत एक ओळ वाढवली: 'सकाळ-सायंकाळ अध्यक्षांच्या श्वानास भरवणे.' ती ओळ लिहिताना मला फार वाईट वाटलं. इतिवृत्तात असं काही लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहितो. लिहिली मात्र मीच.

आठवड्याने, सकाळी सातला, निंगप्पाने फाटकाची किल्ली माझ्या हातात दिली. "साहेब, गावाकडं जातो. आता येत न्हाय." सायकल फाटकाबाहेर काढली आणि मागे न बघता एक शीळ घातली.

हिंदुराव दूध घ्यायला दार उघडून उभे होते. त्यांना म्हणे पायाजवळून वारा गेल्यासारखं वाटलं. तीन जिने, पार्किंग, फाटक. सीसीटीव्हीत ती फक्त एका चित्रात सापडते, तेही अर्धी. "धरा!" असं अध्यक्ष वरून ओरडले. खाली मी होतो. मी फाटक लावू शकलो असतो. मी किल्ली खिशात शोधत राहिलो, ती हातातच होती.

हल्ली फाटकावर कुणी नसतं. आमचा लॅब्रेडॉर रोज केबिनपाशी जाऊन बसतो आणि हाक मारली तरी उठत नाही. हस्की थंड हवेत बरा आहे, असं कळतं. नवीन वॉचमन हवा आहे. स्वतःचं कुत्रं नसलेल्यास प्राधान्य.

हे वाचून तुम्ही आम्हाला हसला असाल. हसा. पण आमच्याकडच्या प्रत्येक कुत्र्याची जात, मजला आणि चौरस फूट तुम्ही इथवर आवडीने वाचत आलात. आमच्या लॅब्रेडॉरचं नाव काय, हे मी तुम्हाला एकदाही सांगितलं नाही, आणि तुम्हालाही ते विचारावंसं वाटलं नाही. तेव्हा संकोच करू नका. तिसऱ्या मजल्यावर अध्यक्षांच्या शेजारचा एक फ्लॅट रिकामा आहे, आणि सभासदत्वाच्या सगळ्या अटी तुम्ही आजच पूर्ण केल्या आहेत.